मळणी यंत्रं नाथसागरात: नकाशावरच्या शोधनिकालांचे गट पाडण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यात शेतीची अवजारं भाड्याने देणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या एका संस्थेचं हे प्रकरण. संस्थेचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. कार्यालय छत्रपती संभाजीनगरात, नोंदी आठही जिल्ह्यांतल्या, शिवाय सीमेला लागून असलेल्या अहिल्यानगर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या काही. शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या अवजारे बँका, बचत गट आणि स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन हंगामात गावोगाव फिरणारे मालक असे सगळे मिळून काही हजार जण. प्रत्येक नोंदीत यंत्राचा प्रकार, भाडं, गाव आणि जीपीएसचा बिंदू. मी या कामात बाहेरून सल्ला द्यायला होतो. बैठकांना बसायचो, कोड संस्थेतल्याच तरुण मुलांनी लिहिला.

खरी घाई सोयाबीनच्या दिवसांत. सप्टेंबर संपता संपता काढणी सुरू होते, परतीचा पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही, आणि गंजीवर ताडपत्री टाकून माणूस मळणी यंत्राचा नंबर लागायची वाट बघत बसतो. अशा वेळी तो फोन उघडतो आणि जवळ कुठे यंत्र मोकळं आहे का ते बघतो. एक यादी, तिच्या वर नकाशा, एवढंच त्याला दिसतं. मागे शोधाचं काम इलॅस्टिकसर्च हे शोध इंजिन करतं.

सुरुवातीला नकाशावर प्रत्येक यंत्राची वेगळी खूण होती. संपूर्ण मराठवाडा पडद्यावर घेतला की मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं दिसायचं. म्हणून गट पाडायचे ठरलं: जवळजवळची यंत्रं एकत्र करून एक गोळा, गोळ्यात आकडा, बोट लावलं की आत शिरायचं. इलॅस्टिकसर्चमध्ये यासाठी जिओहॅश ग्रिड तयार मिळतं, म्हणजे नकाशाचे चौकटींत तुकडे करून प्रत्येक चौकटीतले बिंदू मोजणारी सोय; ते लावलं. हे काम दोन दिवसांत उरकलं, आणि तिथूनच प्रकरण सुरू होतं.

अडचण

पहिली तक्रार पैठण भागातून आली. फोन कार्यालयातल्या ताईंनी घेतला आणि तो संवाद नंतर सगळ्या कार्यालयात फिरला. पलीकडचे काका शांतपणे म्हणाले, "ताई, तुमची मळणी यंत्रं नाथसागराच्या मधोमध दाखवायलेत. बोट घेऊन जाऊ का ट्रॅक्टर?"

झालं होतं असं. अगोदर गोळा चौकटीच्या मध्यावर काढला जायचा, त्यामुळे सगळे गोळे शाळेच्या कवायतीला उभे केल्यासारखे रांगेत दिसायचे. ते बरं दिसत नाही म्हणून मुलांनी गटातल्या सगळ्या बिंदूंची सरासरी काढून गोळा तिथे ठेवला. गंगापूरकडचे काही मालक, शेवगावकडचे काही, मध्ये जायकवाडी धरणाचं पाणी, म्हणजेच नाथसागर. सरासरी पाण्यात पडली. गणित बरोबर होतं, नकाशावरची जागा निरर्थक होती.

दुसरी तक्रार नांदेडच्या समन्वयकांची. नकाशा थोडा डावीकडे सरकवला की त्याच गोळ्यातला आकडा कमी होतो, उजवीकडे आणला की वाढतो, मग खरा कुठला? याला दोन कारणं निघाली. एक, शोध फक्त पडद्यावर दिसणाऱ्या भागापुरता चालायचा, म्हणून कडेची चौकट अर्धी कापली जायची आणि अर्ध्याच यंत्रांची मोजणी व्हायची. दुसरं कारण समजून घेण्यासारखं आहे. जिओहॅश जगाला अर्धं, मग त्याचं अर्धं, असं तोडत जातो आणि प्रत्येक तुकड्याला अक्षरं देतो. पहिल्या दोन अक्षरांच्या एकाच चौकटीत अख्खा मराठवाडा बसतो. तिच्यात मुंबई-पुणेही येतात. तिसरं अक्षर आलं की ७५.९३७५ आणि ७७.३४३७५ या रेखांशांवर काप पडतो. पहिली रेषा जालना शहराच्या थोडी पूर्वेकडून जाते आणि जालना जिल्ह्याचे दोन भाग करते: जालना, बदनापूर, अंबड एका बाजूला, परतूर दुसऱ्या. दुसरी नांदेड शहराच्या पूर्वेला लागूनच जाते. आडव्या कापांपैकी एक १९.६८७५ अक्षांशावर, म्हणजे हिंगोली शहराच्या जरासा दक्षिणेला. या रेषांना ना नदी माहीत, ना रस्ता, ना बाजार. शहराला खेटून असलेलं गाव दुसऱ्याच गोळ्यात जायचं आणि समन्वयकांचा हिशेब कधी जुळायचाच नाही.

तिसरी तक्रार कुणी शब्दांत सांगितली नाही, पण वापरताना लगेच कळायची. बोटांनी नकाशा थोडा मोठा केला की पाच-सहा गोळ्यांचे एकदम शे-दीडशे व्हायचे. जिओहॅशचं एक अक्षर वाढलं की एका चौकटीच्या ३२ होतात. चार अक्षरांची चौकट विषुववृत्तावर ३९.१ बाय १९.५ किलोमीटर, पाच अक्षरांची ४.९ बाय ४.९. आपल्याकडे रुंदी थोडी कमी भरते, १९ अंशांवर ३९ चे ३७ होतात. पण एका तालुक्याएवढ्या चौकटीवरून थेट दोन-चार गावांच्या चौकटीवर उडी, मध्ये पायरीच नाही.

काय काय करता आलं असतं

बैठकीत पहिला पर्याय सर्वांत साधा निघाला: सगळे बिंदू एकदाच फोनवर पाठवायचे आणि गट फोनमध्येच पाडायचे. त्यासाठी तयार लायब्रऱ्या आहेत, वेबवर नकाशा दाखवणारं लीफलेट वापरणाऱ्यांना त्या माहीत असतात. काही हजार बिंदूंना हे सहज झेपतं, आणि माझं मत विचाराल तर फक्त वेगाचा प्रश्न असता तर मी इथेच थांबलो असतो. नको म्हणायचं कारण वेगळं होतं. बहुतेक मालकांचा जीपीएस बिंदू म्हणजे त्यांच्या घराचं अंगण. सगळे बिंदू फोनवर पाठवायचे म्हणजे प्रत्येक ट्रॅक्टरमालकाचं घर कुणालाही अचूक दाखवायचं. संस्थेच्या संचालकांनी हा पर्याय दोन मिनिटांत बाजूला ठेवला.

दुसरा, जिओहॅशऐवजी जिओटाइल ग्रिड. वेबवरचे नकाशे ज्या चौरस तुकड्यांत कापलेले असतात तेच तुकडे गटांसाठी वापरायचे. एक पायरी वाढली की एका चौकटीच्या चारच होतात, त्यामुळे ती अचानक उडी जाते. इलॅस्टिकसर्चमध्ये हे ७.० आवृत्तीपासून आहे. मुलांना वाटलं, काम झालं. पण उभे काप इथेही जगाचे अर्धे-अर्धे करतच पडतात. ७५.९३७५ ची रेषा सातव्या झूमपासून (झूम म्हणजे नकाशा मोठा करत जाण्याची पायरी) पुढे चौकटीची कड होते, ७७.३४३७५ ची आठव्यापासून. म्हणजे जालना आणि नांदेडची तक्रार होती तिथेच राहणार होती. पद्धत बदलून चौकटीची रेषा हलत नाही, हे कागदावर मांडून दाखवल्यावर सगळ्यांना पटलं.

तिसरा षटकोनांचा. उबरने २०१८ मध्ये खुली केलेली एच३ पद्धत यासाठी प्रसिद्ध आहे. षटकोनाचे सगळे शेजारी मध्यापासून सारख्या अंतरावर असतात, त्यामुळे कुठे यंत्रं दाट आणि कुठे विरळ हे फार छान दिसतं. चौथ्या पातळीचा षटकोन सरासरी १,७७० चौरस किलोमीटर, पाचव्याचा सुमारे २५३. पण मोठ्या षटकोनात लहान षटकोन तंतोतंत बसत नाहीत, कडा थोड्या बाहेर येतात. आत शिरताना आकडा जुळलाच पाहिजे असा नांदेडचा आग्रह असताना हे परवडणारं नव्हतं. संचालकांच्या वार्षिक अहवालातल्या नकाशासाठी मात्र मी आजही षटकोनच सुचवेन.

चौथा पर्याय सरळ होता: जिल्हा आणि तालुका. विचारलेल्या प्रत्येक शेतकऱ्याने जागा सांगताना तालुक्याचं नाव घेतलं. "आमच्या मानवतला आहे का," "औसा साइडला बघा." चौकटीत कोणी विचार करत नाही. याच्याही अडचणी होत्या, आणि त्या तांत्रिक कमी, भूगोलाच्या जास्त.

गोदावरीचा प्रश्न

इथे बैठक सर्वांत जास्त रेंगाळली, आणि माझ्या मते रेंगाळायलाच हवी होती.

अंबड आणि गेवराई तालुक्यांच्या मधून गोदावरी वाहते. तीच जालना आणि बीड जिल्ह्यांची सीमा. चौकटीच्या पद्धतीत दोन्ही काठांवरची गावं एकाच गोळ्यात येतात. नकाशावर समोरच्या काठावरचं यंत्र चार किलोमीटरवर दिसतं, पण पूल जवळ नसेल तर ट्रॅक्टरला मोठा वळसा पडतो, डिझेलचे पैसे वाढतात आणि मालक येत नाही. म्हणजे चौकट नसलेली जवळीक दाखवते.

तालुक्याची पद्धत याच्या बरोबर उलट चुकते. शहागड अंबड तालुक्यात आहे. तिथे राष्ट्रीय महामार्ग ५२ चा पूल आहे, पूल ओलांडला की गेवराई तालुका. शहागडच्या माणसाला पलीकडचं यंत्र अंबडपेक्षा जवळ पडतं. पण गट तालुक्याने पाडले तर पलीकडचा गोळा दुसऱ्या जिल्ह्याचा, त्याच्याकडे तो बघणारच नाही. म्हणजे तालुका असलेली जवळीक लपवतो.

दोन्ही पद्धती एकाच नदीवर, पण विरुद्ध बाजूंनी पडतात. इथे एका समन्वयकांनी विचारलेला प्रश्न मला कामाचा वाटला: गोळा नेमकं सांगतो काय? "या भागात एवढी यंत्रं आहेत" की "तुला एवढी यंत्रं मिळू शकतात"? पहिल्याचं उत्तर गट देऊ शकतो. दुसऱ्याचं उत्तर कुठल्याच गटाकडे नाही, ते माणूस कुठे उभा आहे यावर ठरतं. तोपर्यंत सगळे नकाशाकडून दुसरं उत्तर मागत होते.

निर्णय

ठरलं ते असं. दूरून पाहताना जिल्हा, मग तालुका, त्याच्या आत गेल्यावर जिओटाइलच्या चौकटी आणि अगदी जवळ आल्यावर गाव. घराचा नेमका बिंदू कुठल्याही पायरीवर दाखवायचा नाही. "मला जवळचं यंत्र" हे काम नकाशाकडून काढून यादीकडे द्यायचं. यादी शेतकऱ्याच्या गावापासूनच्या अंतराने लागेल आणि तालुक्याची सीमा तिला लागू नसेल.

कुठल्या झूमला कुठली पायरी, यावर मतं अनेक होती. शेवटी हिशेबाने सुटलं. मराठवाड्याचं क्षेत्र सुमारे ६४ हजार चौरस किलोमीटर आणि तालुके ७६, म्हणजे एका तालुक्याला सरासरी साडेआठशे चौरस किलोमीटर, साधारण २९ किलोमीटर बाजूचा चौरस. नवव्या झूमला आपल्या अक्षांशावर २५६ पिक्सेलमध्ये ७४ किलोमीटर मावतात, म्हणजे तालुक्याला शंभरेक पिक्सेल मिळतात आणि गोळा आरामात बसतो. आठव्याला पन्नास, जेमतेम. सातव्याला गोळे एकमेकांवर चढतात, पण त्या झूमला संपूर्ण मराठवाडा फोनवर मावतो, तिथे जिल्हेच बरे. म्हणून सातपर्यंत जिल्हा, आठ-नऊला तालुका, दहापासून चौकटी. चौकटींसाठी पडद्याच्या झूमपेक्षा दोन पायऱ्या बारीक तुकडे घेतले. दहाव्या झूमला एक चौकट नऊ किलोमीटरच्या आसपास भरते.

गोळ्याची जागा हा वेगळा निर्णय होता आणि त्याला वेळ मुळीच लागला नाही. तालुक्याचा गोळा तालुक्याच्या गावी, बसस्थानकाजवळ. क्षेत्राचा मध्य नाही, यंत्रांची सरासरी नाही. खालच्या पायऱ्यांवर, चौकटीतल्या ज्या गावात सर्वांत जास्त यंत्रं त्या गावठाणावर. गावठाण पाण्यात नसतं, निदान आज वस्ती असलेलं तरी.

प्रत्यक्ष काम

तालुक्याने गट पाडायचे म्हणजे प्रत्येक नोंदीवर तालुका लिहिलेला हवा. तो होताच, पण नावाने. पहिली चाचणी याच नावांवर घेतली आणि गमती बाहेर आल्या.

नकाशावर फक्त दहाच तालुके दिसले. याचं कारण छोटं: इलॅस्टिकसर्चमधली शब्दांनुसार गट पाडणारी सोय सांगितल्याशिवाय पहिले दहाच गट परत देते. आकडा वाढवला, सुटलं.

जिल्ह्यांच्या गटांत उस्मानाबाद आणि धाराशिव वेगवेगळे आले, औरंगाबाद, संभाजीनगर आणि छत्रपती संभाजीनगर तीन वेगळे. २०२३ च्या नामांतराआधीच्या आणि नंतरच्या नोंदी शेजारी शेजारी पडल्या होत्या. आठ जिल्ह्यांचे अकरा झाले.

कळंबची गंमत सर्वांत मोठी. कळंब तालुका धाराशिव जिल्ह्यात आहे आणि यवतमाळ जिल्ह्यातही. नावाने गट पाडल्यावर दोन्ही एक झाले. त्या चाचणीत गोळा अजून सरासरीवरच ठेवला जात होता, त्यामुळे कळंबचा गोळा औंढा नागनाथच्या पूर्वेला, हिंगोली जिल्ह्यात जाऊन बसला. दोन्ही कळंबांपासून शंभरहून अधिक किलोमीटर दूर. परभणीचं सेलू आणि वर्ध्याचं सेलू हीही तशीच जोडी. वर्ध्याची नोंद आली असती तर तिथेही हेच झालं असतं. गावांच्या बाबतीत तर विचारूच नका. पिंपळगाव, वडगाव, टाकळी, बोरगाव यांची मोजदाद करायला बसू नये.

यावर उपाय एकच, नाव सोडून क्रमांक धरायचा. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक जिल्हा, तालुका, गावाला स्वतंत्र क्रमांक असतो. गट त्या क्रमांकावर पाडले, नाव फक्त दाखवायला ठेवलं. उद्या पुन्हा नाव बदललं तर एका तक्त्यात एक ओळ बदलेल.

मग प्रश्न, क्रमांक ठरवायचा कुठून, मालकाने सांगितलेल्या गावावरून की जीपीएसवरून? मुलांचा कल जीपीएसकडे, यंत्र खोटं बोलत नाही म्हणून. प्रत्यक्षात बऱ्याच नोंदी बाजाराच्या गावी सेवा केंद्रात बसून झाल्या होत्या आणि बिंदू केंद्राचा उठला होता. एकाच दुकानाच्या छपरावर डझनभर रोटाव्हेटर. म्हणून मालकाचं गाव प्रमाण मानलं आणि बिंदू त्या गावापासून फार दूर असेल तर नोंद बाजूला काढून फोनवर विचारायचं ठरलं. ही फोनाफोनी कंटाळवाणी होती आणि कामाचा सर्वांत मोठा हिस्सा तिनेच खाल्ला.

त्यात काही नोंदी थेट उत्तर ध्रुवाकडे निघाल्या. इलॅस्टिकसर्चला बिंदू मजकूर म्हणून दिला तर आधी अक्षांश, मग रेखांश. यादी म्हणून दिला तर आधी रेखांश, मग अक्षांश. आयातीच्या एका फाइलमध्ये हा क्रम उलटला होता. आपल्याकडचे आकडे १९ आणि ७६ च्या घरातले. ते उलटले की ७६ अक्षांश आणि १९ रेखांश होतात, ही जागा स्वालबार्डच्या दक्षिणेला समुद्रात येते. दोन्ही आकडे वैध, त्यामुळे शोध इंजिन तक्रार करत नाही. मराठवाड्याच्या चौकोनाबाहेरचा बिंदू आत घ्यायचाच नाही, अशी अट आयातीच्या दारातच घातली; सीमेपलीकडच्या दोन जिल्ह्यांसाठी चौकोन थोडा मोठा ठेवला.

कडेच्या कापलेल्या चौकटींचा इलाज सोपा होता. शोध पडद्याच्या कडेपर्यंत न चालवता चौकटीच्या पूर्ण कडेपर्यंत वाढवला. थोडी जास्त मोजणी होते, पण नकाशा सरकवला तरी आकडा हलत नाही.

एक गोष्ट ऐनवेळी लक्षात आली. तालुक्यांच्या सीमा दोन कामांना लागत होत्या: नकाशावर रेषा काढायला आणि बिंदू कुठल्या तालुक्यात पडतो ते तपासायला. फोनवर हलक्या पडाव्यात म्हणून त्या सरळ-सोट करून घेतल्या होत्या आणि तपासणीलाही त्याच वापरल्या जात होत्या. गोदावरीची वळणं सरळ झाल्यावर काठावरची गावं पलीकडच्या तालुक्यात पडली. तपासणीला मूळ सीमा आणि रेषेला हलक्या, अशी विभागणी केली.

काय झालं

पुढच्या सोयाबीनच्या हंगामात नकाशाबद्दलचे फोन जवळपास थांबले. नांदेडच्या समन्वयकांचा तालुकावार आकडा त्यांच्या वहीशी जुळू लागला; जिथे जुळला नाही तिथे वहीतली नोंद जुनी निघाली. पैठणच्या काकांचा पुन्हा फोन आला, पण भाड्याच्या दराबद्दल.

अनपेक्षित असंही काही झालं. जिल्ह्यांचे गोळे दिसायला लागल्यावर संचालकांनी जिल्ह्यांची तुलना सुरू केली आणि कमी आकड्याच्या जिल्ह्यातल्या समन्वयकांना विचारणा होऊ लागली. हिंगोलीसारख्या लहान जिल्ह्याचा आकडा नांदेडशेजारी लहानच दिसणार. गोळ्याचा आकडा नुसता मोजणीचा आहे, पेऱ्याच्या क्षेत्राशी त्याचं प्रमाण लावलेलं नाही, हे बैठकीत सांगावं लागलं आणि अजून सांगावं लागतं.

वेगळं काय करता आलं असतं

फोनाफोनी सुरुवातीलाच करायला हवी होती. गट कसे पाडायचे यावर जेवढा वाद झाला, त्यातला बराचसा चुकीच्या बिंदूंमुळे होता. स्वच्छ नोंदींवर जिओहॅशही इतका वाईट दिसला नसता.

चौकटींची पायरी ठेवायलाच हवी होती का, याबद्दल माझं मन अजून पक्कं नाही. तालुक्यातून थेट महसूल मंडळावर उतरता आलं असतं, शेतकऱ्याला मंडळ पीक विम्यामुळे आणि पावसाच्या आकड्यांमुळे चांगलं ठाऊक असतं. मंडळांच्या विश्वासार्ह सीमा तेव्हा संस्थेच्या हाताशी नव्हत्या, म्हणून तो विषय तिथेच थांबला. मिळाल्या तर चौकटी काढून टाकाव्यात असं मी सुचवलं आहे.

गोदावरीचा प्रश्न अर्धाच सुटला. यादी अंतराने लागते, पण ते अंतर अजून सरळ रेषेतलं आहे, त्यामुळे पुलापासून दूरच्या काठावर ती समोरच्या तीरावरचं यंत्र पहिलं दाखवते. गेवराईच्या समन्वयकांनी ट्रॅक्टर जाईल अशा पुलांची एक यादी हाताने करून दिली आहे. ती शोधात जोडायची की रस्त्याचं अंतर मोजणारी सेवा घ्यायची, याचा खर्चाचा अंदाज मागवला आहे आणि निर्णय पुढच्या काढणीच्या आधी घ्यायचा आहे.